कोणत्या तीर्थाचं पाणी

ही गोष्ट फार मागची. गंधवती नगरीत सुयाम नावाचा राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका माळ्याच्या घरी जन्मले आणि मोठेपणी दक्षिण वेशीबाहेरच्या विश्रामशाळेचा कारभार पाहू लागले. लोक त्यांना क्षेमक म्हणत. विश्रामशाळा म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं घर. ज्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं आणि घरच्यांना दिवसभर जवळ थांबता येत नाही, अशांसाठी राजाच्या आजीनं ते बांधलं होतं. आंब्यांची सावली, गोड्या पाण्याची विहीर, वेळेवर गरम पेज, अंगाला तेल चोळायला माणसं, सगळं होतं. छप्पर तेवढं गळायचं.

शाळेला दोन दारं होती. मोठं दार राजरस्त्यावर, लहान दार मागे बांबूच्या बेटात. क्षेमक रोज सकाळी मोठं दार उघडत आणि पाहुण्यांना पाय धुवायला उंबऱ्याशी पाण्याची घागर भरून ठेवत. संध्याकाळी ते पाणी जसंच्या तसं आंब्याच्या मुळाशी ओतत, कारण त्या दारानं कुणी येतच नसे. पडदे ओढलेल्या डोल्या मागच्या दाराशी येत, म्हातारं माणूस उतरवत आणि आल्या वाटेनं निघून जात.

आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत काय, तर आई तीर्थयात्रेला गेली! बाबा तीर्थयात्रेला गेले! अहो, केवढी सोय! यात्रेला गेलेलं माणूस परत येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला दारात दिवा लावायचा, अशी त्या नगरीची रीत होती. अत्तरं-तेलं बनवणाऱ्या एकट्या गंध्यांच्या आळीत अकरा दारांत दिवे लागत. वर्षं लोटली तरी एकही यात्रेकरू परतत नव्हता, पण कुणी कुणाला विचारत नसे. विचारणाऱ्याच्या दारातही दिवा होताच ना! आणि एकदा यात्रा म्हटल्यावर भेटायला जाण्याची वाटही बंद झाली. दूरदेशी तीर्थाला गेलेल्या आईला वेशीपाशी भेटायला जायचं तरी कसं?

त्या आळीत अनुरथ नावाचा गंधी राहत असे. त्याला सुगंधाची विद्या त्याच्या आईनं, भद्रिकेनं, शिकवली होती. म्हातारी पडली, कंबर मोडली, आणि तेव्हापासून भिंत धरून सरकत चालायची. घरात दोन भट्ट्या पेटलेल्या. एके दुपारी उकळत्या तिळतेलाच्या कढईपाशी तिचा तोल गेला. अनुरथाच्या बायकोनं, उत्पलेनं, पदराला धरून मागे ओढलं म्हणून वाचली. त्या दिवशी नवराबायकोच्या घशाखाली घास उतरला नाही. आठ दिवसांनी भद्रिका विश्रामशाळेत गेली. मला विचाराल तर यात काही पाप नव्हतं. पाप झालं ते त्या संध्याकाळी, अनुरथानं दारात दिवा लावला तेव्हा.

तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन पडेना. बसला की उठायचा, उठला की बसायचा. चंदनाचं तेल मडक्यात चाळीस दिवस मुरू द्यावं लागतं, मध्ये झाकण काढायचं नाही. हा रोज काढायचा, हुंगायचा, पुन्हा झाकायचा. माल बिघडू लागला. तीन वेळा तो दक्षिण वेशीपर्यंत गेला आणि तीनही वेळा कुणीतरी ओळखीचं दिसलं म्हणून मागे फिरला.

उत्पला एक दिवस वैतागली. "अहो, त्या मडक्याला तरी सुखानं राहू द्या. जाऊन या ना आईंकडे."

"कुणी पाहिलं म्हणजे?"

"मग बसा झाकणं काढत," ती म्हणाली आणि आत गेली.

असे आठ महिने गेले. मग गंध्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, प्रमुख वारला आणि सगळ्यांनी मिळून अनुरथाला निवडलं. आयुष्यभर त्याला याचीच आस होती. पण नव्या प्रमुखाच्या हातावर आई किंवा बाप हयात असेल तर त्यांनीच पाणी घालायचं आणि मगच त्यानं प्रमुखपदाची मुद्रा घ्यायची, अशी रीत होती. श्रेणीतला सर्वांत वडीलधारा पिंगल म्हणाला, "आई यात्रेवर आहेत म्हणजे तर सोन्याहून पिवळं. तीर्थाचंच पाणी पडेल हातावर. पौर्णिमेपर्यंत येतील ना? नाहीतर आम्हाला दुसरा कुणी पाहावा लागेल."

"वाटेतच आहे ती," अनुरथ बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी तो बांबूच्या बेटातून मागच्या दाराशी गेला. क्षेमक तिथं काटक्या गोळा करत होते. अनुरथानं सगळं भराभर सांगून टाकलं. आईला धुळीची वस्त्रं नेसवायची, डोली उत्तर वेशीनं फिरवून आणायची, हातात पाण्याचा कलश द्यायचा, आणि विधी झाला की गुपचूप परत. "तुमचं छप्पर गळतंय म्हणतात. सागाच्या तुळया मी देतो. सगळं छप्पर नवं करून देतो. फक्त तुम्ही कुठं बोलायचं नाही."

क्षेमकांनी छपराकडे पाहिलं. तीन खाटांवर पाणी गळायचं आणि पावसाळा तोंडावर आला होता. तुळया त्यांना नको होत्या असं मुळीच नाही.

"तुळया नकोत," ते म्हणाले. "त्या घेतल्या तर उद्यापासून तुमचं खोटं मला राखावं लागेल. इथल्या माणसांना आधीच पुष्कळ लपवलंय. आई येतील की नाही हे आईंनाच विचारा. पाणी आमच्या विहिरीचं देतो. मी स्वतःहून काही सांगायला जाणार नाही, पण मला कुणी विचारलं तर विहिरीचंच म्हणेन."

"मग माझं कसं व्हायचं?"

"ते मला कसं कळणार? आई पुढच्या अंगणात आहेत. जा ना."

अनुरथ उपरणं तोंडावर ओढून, मान खाली घालून सगळी शाळा ओलांडून गेला. दोन्ही बाजूंना माणसं बसली होती, पण आपल्याला कुणी ओळखेल या धास्तीनं त्यानं एकाचंही तोंड पाहिलं नाही. भद्रिका आंब्याखाली वाळ्याची मुळं निवडत बसली होती. नजर अधू झालेली. तो जवळ जाऊन उभा राहिला.

तिनं नाक वर केलं. "चंदन कच्चं राहिलंय," ती म्हणाली. "झाकण काढतोस ना सारखा? तुझी खोड काही जायची नाही, अनुरथा."

तो मटकन खाली बसला. बराच वेळ त्याला रडूच आवरेना. मग त्यानं सारं सांगितलं, यात्रा, दिवा, मुद्रा, कलश.

"म्हणजे मी यात्रेला गेलेय होय!" भद्रिका इतकी हसली की तिला ठसका लागला. "बरं झालं बाई. मला वाटत होतं मी मेले असं सांगितलंस, म्हणून कुणी येत नाही."

अनुरथाला वाटलं, तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मात्र त्याच्या हातावर थोपटलं. "येते की. तुझ्या हातावर पाणी घालायला कुठली आई नाही म्हणेल? पण खोटं बोलायचं असेल तर ते तूच बोल. मला हल्ली काही लक्षात राहत नाही, भलतंच तीर्थ सांगून बसेन."

पौर्णिमेच्या सकाळी डोली आळीत आली. शेजारून क्षेमक कलश घेऊन चालत होते. यात्रेकरू परतली म्हणून सारी आळी लोटली. बायकांनी भद्रिकेच्या पायांवर पाणी घातलं, पायांची धूळ कपाळाला लावली. अनुरथ ते पाहत होता आणि त्याचे कान तापत होते. विधीच्या मंडपात तो या पायावरून त्या पायावर होत राहिला. त्यानं तीर्थाचं नाव रात्रभर घोकलं होतं.

भद्रिकेनं त्याच्या ओंजळीत कलशातलं पाणी ओतलं. पिंगल हातात मुद्रा घेऊन उभा होता. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "माते, कोणत्या तीर्थाचं पाणी आणलंत?"

भद्रिकेनं लेकाकडे तोंड वळवलं आणि ती वाट पाहत राहिली. अनुरथानं क्षेमकांकडे पाहिलं. आता हा बोलणार, याची त्याला भीती होती. पण क्षेमकांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. म्हातारी पडू नये म्हणून त्यांनी तिचं कोपर धरलं होतं, आणि सगळं लक्ष त्या कोपरावर होतं. हे काम आपलं होतं, एवढंच अनुरथाच्या मनात आलं. तो पुढे झाला, त्यानं आईचं दुसरं कोपर धरलं. ओंजळीतलं पाणी सांडून गेलं.

"हे विहिरीचं पाणी आहे," तो म्हणाला. "माझी आई यात्रेला गेली नव्हती. आठ महिने ती विश्रामशाळेत आहे. मीच ठेवलंय. घरात तिचा जीव धोक्यात होता म्हणून ठेवलं, त्याची मला लाज नाही. पण मी तिला एकदाही भेटायला गेलो नाही, आणि तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं, त्याची आहे. मुद्रा दुसऱ्या कुणाला द्या."

आता पिंगल काय बोलतो इकडे सगळ्यांचे डोळे लागले. मोठा तापट माणूस, रीतीला जरा धक्का लागलेला त्याला खपत नसे. तो खाली वाकला. म्हातारीच्या कानाशी बोलायला गेला, पण सगळ्यांनाच ऐकू आलं.

"माते, माझे बाबा कसे आहेत? त्यांचा खोकला?"

"पहाटे फार येतो रे," भद्रिका म्हणाली. "पण पेज दोन वाट्या घेतात. पिंगल आज येणार का, म्हणून रोज मला विचारतात. मी आपली म्हणते, येईल उद्या."

पिंगलनं तोंड फिरवलं. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "आणि माझी सासू?" खांबापाशी उभं असलेलं कुणी म्हणालं, "आमची आत्या? ती डाव्या कानानं बहिरी आहे, तिला डावीकडून हाक मारत नाहीत ना?" मग कुणी थांबेना. अकराही घरांची माणसं म्हातारीभोवती दाटली आणि ती एकेकाची खबर सांगत राहिली. तिच्या सगळं लक्षात होतं.

मुद्रेची त्या दिवशी कुणालाच आठवण झाली नाही. चार दिवसांनी पिंगल ती अनुरथाच्या घरी आपणहून ठेवून गेला. उत्पला सासूला घरी न्यायला आली, तेव्हा भद्रिका म्हणाली, "त्या भट्ट्यांपाशी मला भीती वाटते गं. आणि इथं गप्पांना माणसं आहेत. तुम्ही येत जा म्हणजे झालं." छपराला तुळया आल्या, त्या साऱ्या आळीनं मिळून दिल्या आणि क्षेमकांनी हसत घेतल्या. पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. त्या सकाळी मोठ्या दाराशी ठेवलेली घागर क्षेमकांना दुपारच्या आत सहा वेळा भरावी लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, विहारातल्या सभेत सांगितली. सभेत सुदत्तक नावाचा एक गृहस्थ बसला होता. उपदेश चालू असता तो सारखा चुळबुळ करत असे आणि दाराकडे पाहत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची भद्रिका म्हणजे आज आपल्यात बसलेली वृद्ध भिक्षुणी धीरा. पिंगल म्हणजे विहाराचा द्वारपाल. शाळा सांभाळणारा क्षेमक मीच होतो. लाभ समोर असताना खोट्याला आसरा न देणं आणि खोटं बोलणाऱ्यालाही न दुखावणं, ही सत्यपारमिता. आणि अनुरथ म्हणजे हा सुदत्तक."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुदत्तकाची जागा रिकामी होती. द्वारपाल म्हणाला, "भदंत, ते केव्हाच गेले. मी विचारलं कुठं, तर म्हणाले, बाबांकडे."