भोकरावरची हाक

ओढ्याच्या अलीकडे एक भोकर होतं आणि पलीकडे एक वड होता. दोन्ही झाडं आपापल्या जागी उभी होती आणि कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. वड मोठा, हे कबूल. त्याच्यावर पोपट, कावळे, होले, वटवाघळं, सगळ्या जातींची पाखरं राहत, आणि शेजारच्या फांदीवर कोण राहतं याचा कुणालाच पत्ता नसे. भोकरावर फक्त साळुंक्या होत्या. कुणाचं पिल्लू रडतंय हे त्या न बघता सांगत.

भोकराचं फळ मोठं चिकट. त्याचा चीक चोचीला लागला की दिवसभर सुटत नाही. वडावरची पाखरं या साळुंक्यांना ‘चिकटे’ म्हणून चिडवत. चिडवेनात का! वडाला चिडवायला तरी भोकर लागत होतंच.

या झाडाची एक रीत होती. घर सोडताना ‘येते’ म्हणायचं, आणि मागून कुणीतरी ‘ये’ म्हणायचं. ‘जाते’ हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नसे. दिवस मावळला की सगळ्यांत थोरली साळुंकी मधल्या बेचक्यात बसून हाक देई, “कोण राहिलं?” ज्याच्या घरचं कुणी यायचं असेल त्याने सांगायचं, “आमचा धाकटा राहिला.” मग तो धाकटा ओढा ओलांडून येईपर्यंत एकीनेही डोळा मिटायचा नाही. तो आला की सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घालायच्या आणि झोपायचं.

त्या काळी थोरली होती गोजरी. तिला एकच लेक, तानी. एका वर्षी भोकराला बहर कमी आला आणि तरणी पाखरं वडावर जाऊ लागली.

“आई, तिकडे फळांना तोटा नाही,” तानी म्हणाली. “येते.”

“ये,” गोजरी म्हणाली. “आणि चोच पुसून जा गं. हसतील तुला.”

तानी रोज चोच पुसून जाई आणि संध्याकाळी पोटभर वडाची फळं खाऊन परत येई. तिच्यासारख्या कितीतरी जात आणि येत. आता, पाखरू जे खातं त्याचं बी कुठे पडतं हे काय सांगायला हवं? एक दिवस बेचक्यातच दोन पानांचं रोप उगवलं. कुणी म्हणालं, उपटून टाका. पण त्याची कोवळी सावली नेमकी तानीच्या जागेवर पडत होती. “असू दे बिचारं,” गोजरी म्हणाली, “लेकीला ऊन लागत नाही.” वड काही चालून आला नव्हता हो. घरी परतणाऱ्यांनीच त्याला पोटातून घरी आणलं होतं.

रोपाने मुळ्या खाली सोडल्या. तिकडून वडाच्याही पारंब्या ओढ्यावरून पुढे सरकत आल्या आणि इकडच्या मुळ्यांच्या गळ्यात पडल्या. मग वडाचा कारभारी कावळा आला आणि घसा साफ करून म्हणाला, “आजपासून हे सगळं एकच झाड. आनंदाची गोष्ट आहे. तुमचं नाव आम्ही पुसणार नाही, या फांदीला भोकरच म्हणू.”

साळुंक्यांनी आनंद केला. खोटं कशाला बोला, गोजरीनेही केला. लेक आता रोज ओढा ओलांडणार नाही, ससाण्याची भीती नाही, हे तिला किती बरं वाटलं! पाचोळा साचून साचून ओढाही बुजला. आपण कुठून कुठे आलो हे कळायला मध्ये काही उरलं नाही.

त्यानंतर तानी पलीकडच्या एका ढोलीत राहायला गेली. “वेगळं काय आहे, आई? तूही वडावर, मीही वडावर. कधीही येता येईल.” कधीही येता येणारं माणूस असो की पाखरू, ते कधी येत नाही. तानीही आली नाही. तिच्या मागून बाकीच्याही एकेक करून पांगल्या. जायचं कुठे परक्या ठिकाणी होतं? म्हणून ‘येते’ म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

गोजरी मात्र रोज बेचक्यात बसून हाक देई, “कोण राहिलं?” मग तीच उत्तर देई, “तानी राहिली,” आणि जागत बसे.

नवे आलेले पोपट वैतागले. “ओ मावशी, रोज काय विचारता कोण राहिलं, कोण राहिलं? आम्ही सगळेच राहतो की इथे!”

हसण्यासारखंच होतं ते, पण गोजरीने दुसऱ्या दिवशीही तीच हाक दिली.

मुळ्यांच्या विळख्यात भोकर आतल्या आत वाळत गेलं. आधी फळं गेली, मग पानं गेली, मग लाकडाचा भुगा होऊन वाऱ्याने गेला. शेवटी मुळ्यांच्या जाळीत भोकराच्या आकाराची पोकळी तेवढी उरली. कावळा आपल्या शब्दाला पक्का होता. त्या फांदीला सगळे भोकरच म्हणत.

आणि एके दिवशी तानी आली. बरोबर तिचं पिल्लू होतं. गोजरीला काय करू अन् काय नको असं झालं. तिने लेकीची चोच न्याहाळली. स्वच्छ होती, चिकाचा ठिपका नव्हता.

“आजी, भोकर कुठंय?” पिल्लाने विचारलं.

“हे काय, त्यावरच तर बसलोय आपण,” तानी म्हणाली, आणि पंखांतली धूळ झटकू लागली.

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तानी उठली. “बरं आई, जाते हं.”

गोजरीची चोच ‘ये’ म्हणायला उघडली आणि तशीच राहिली. ‘जाते’ला काय म्हणायचं हे भोकरावर कुणी शिकवलंच नव्हतं. मायलेकरं पानांआड गेली.

दिवस मावळला. पोपट आपापल्या जागी गप्प झाले. गोजरी बेचक्याच्या जागी, त्या पोकळीच्या काठावर येऊन बसली आणि तिने हाक दिली, “कोण राहिलं?”



“गोजरी राहिली,” ती म्हणाली. आणि राहिलेलं पाखरू घरी येईपर्यंत डोळा मिटायचा नाही, म्हणून ओढा जिथे होता तिकडे तोंड करून जागत बसली.