भिवाचा जोडधंदा

"दुकानातनं वस्तू घ्यायची, तीन दिवसांनी परत करायची, आणि वर पैसे आपल्यालाच..."

एवढंच मी गिरणीत ऐकलं. तेवढ्यात पट्टा फिरला, दळण सुरू झालं आणि पुढचं सगळं आवाजात बुडालं. आता अर्धी बातमी पोटात ठेवली की मला अपचन होतं. म्हणून घरी जाता जाता ती मी शेजारच्या गिरजाक्काच्या कानावर घातली. चूक तिथंच झाली. ओट्यावर भिवा बसला होता.

तर आमच्या टेकवड्यात हा भिवा नावाचा एक भोळा जीव. गिरजाक्काचा एकुलता एक. डेअरीत दुधाचे कॅन धुवायचा. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा. शिवरीच्या नाथाभाऊंची प्रणाली त्याला पसंत होती. तिलाही तो पसंत होता, हे मी स्वतः काढून आणलं होतं. पण नाथाभाऊ अडून बसले होते.

"नुसते कॅन धुऊन संसार होतो का? काहीतरी जोडधंदा दाखवा आणि मुलगी न्या."

माझी बातमी ऐकताच भिवानं शहरातल्या मावसभावाला, हर्षलला फोन लावून खरं-खोटं विचारलं. तो म्हणाला, "खरंय. मीही करतो. कंपनी आपल्याला गिऱ्हाईक बनवून दुकानात पाठवते. तिथली माणसं कशी वागतात ते गुपचूप बघायचं आणि कंपनीला कळवायचं."

"फसवाफसवी नाही ना रे?" मी मागून ओरडले. फोन स्पीकरवर होता, त्याला मी काय करू?

"काकू, आधी आपल्याकडेच पैसे मागितले तर चोर समजायचा. काम झाल्यावर त्यांनी दिले तर खरं. पण त्यावर बंगला होत नाही, भाजी होते. आणि भिवा, एक ध्यानात ठेव. दुकानात आपण कोण ते सांगायचं नाही."

"नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी भिवा रेशनच्या दुकानात गेला.

"नाव बोल."

"सांगायचं नाही."

"अरे भिवा, सकाळी सकाळी चेष्टा करतोस का?"

"भिवा कोण?"

पिशवी रिकामीच घरी आली. हर्षलनं कपाळाला हात लावला असणार. म्हणाला, "अरे देवा, विचारलं तर नाव-गाव नीट सांगावं माणसानं!"

"मग तसं करतो."

हर्षलनं त्याचं नाव कंपनीत नोंदवलं आणि शनिवारी कंपनीनं त्याला तालुक्याला चपलांच्या दुकानात पाठवलं. दुकानदारानं सहज विचारलं, "कुठले पाहुणे?" भिवानं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, डेअरी सांगितली आणि पुढं म्हणाला, "तुमच्यावर नजर ठेवायला कंपनीनं पाठवलंय."

दुकानदारानं त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली, बसपर्यंत सोडायला आला. कंपनीनं एक रुपया दिला नाही.

"तोंड उघडूच नकोस!" हर्षल ओरडला. "जाशील तिथं गप्प बसायचं. पाणी किती वेळात विचारलं, हसून बोलले का, ते वहीत टिपायचं. दहापैकी गुण द्यायचे."

त्याच आठवड्यात वरच्या आळीचे बाजीतात्या गेले. भिवा भेटायला गेला. कोपऱ्यात गप्प बसला आणि लिहायला लागला. लोकांना वाटलं, दहाव्याच्या सामानाची यादी करतोय. गुणाचं पोर! तात्यांच्या थोरल्यानं वही मागून घेतली आणि वाचली.

'पाणी अकरा मिनिटांनी. चहा नाही. हसून एकही माणूस बोलला नाही. मालक आडवेच होते, उठले नाहीत. दहापैकी दोन.'

गिरजाक्काला त्या घरी जाऊन हात जोडावे लागले. सोबत मीही गेले. बातमी माझीच होती ना.

आता हर्षलनं एकेक शब्द सुटा करून सांगितला. "कापड दुकानात जा. शर्ट घे. पावती जपून ठेव. तिसऱ्या दिवशी परत कर. कुरकुर करतात का बघ. गुण दे. घरी ये. बास!"

भिवानं हे पाढ्यासारखं पाठ केलं. आणि नवल बघा, या खेपेला सगळं बरोबर झालं. मोबाइलवर दोनशे रुपये आले. मी माझ्या डोळ्यांनी बघितले, दोनदा. नाथाभाऊंनीही बघितले. "दोनशे तर दोनशे," म्हणाले, "हातपाय तर हलवतोय." महिन्याच्या आत लग्न लागलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी गिरजाक्का भिवाला म्हणाली, "आज मांडवपरतणी. प्रणालीला तिच्या माहेरी घेऊन जा."

जेवायचं आणि बायकोला घेऊन माघारी यायचं, हे पुढचं ती बोलली नाही. ते काय कुणाला सांगावं लागतं?

दिवस मावळायच्या आत भिवा एसटीतून एकटाच उतरला. शीळ घालत.

"अरे, प्रणाली कुठंय?" गिरजाक्कानं विचारलं.

"परत केली."

"काय केली?"

"तिसरा दिवस ना आज? पावती म्हणून लग्नपत्रिका नेली होती, पण मागितलीसुद्धा नाही. सासऱ्यांनी जरासुद्धा कुरकुर केली नाही. उलट पुरणपोळी वाढली. दहापैकी दहा दिले!"

गिरजाक्कानं तिथल्या तिथं शिवरीला फोन लावला. नाथाभाऊंना बिचाऱ्यांना वाटलं होतं, लेक चार दिवस राहणार.

सकाळच्या पहिल्या एसटीनं भिवाला परत धाडला. मी सोबत गेले, म्हटलं यावेळी तरी बातमी पुरती ऐकू. प्रणाली दारातच उभी होती. तिनं भिवाच्या हातातली वही घेतली आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'बायकोला न्यायला आले सोळा तासांनी. हसून बोलले, हो. दहापैकी चार.' मग पिशवी त्याच्या हातात दिली आणि निघाली.

तर गिरणीतली ती बातमी निम्मीच खरी निघाली. घेतलेली वस्तू परत केली की पैसे मिळतात, पण ते शर्टाचे. बायको परत केली, तर जायचं-यायचं तिकीट आपल्यालाच काढावं लागतं. ते दोनशे त्यातच गेले. माझं तिकीटही त्यानंच काढलं.