चांगोची चाळिसावी पाटी

शके सतराशे शहाण्णव, भाद्रपदाची अमावास्या. भात पोटरीला आलं होतं आणि दुपारी खाडीला उधाण यायचं होतं.

खारवटणे गावात तेव्हा चांगो नावाचा एक पोरका तरणा होता. गावात घरं चाळीस. आज या घरी, उद्या त्या घरी, असा तो जेवायचा. एकही काम त्यानं टिकवलं नाही. दिवसभर खाडीच्या बांधावर चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, बिळं बघत हिंडायचा.

"आज किती बिळं मोजलीस रे?" गावातली म्हातारी भिकीबाय वाढताना विचारायची. तो हसायचा.

खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात होत नाही. म्हणून त्या दिवशी सारा गाव बांधावर माती चढवत होता. पाणी वरून येईल, एवढीच सगळ्यांना धास्ती. चांगो खाली, शेताच्या अंगाला उभा होता. बांधाच्या पायथ्याशी रोज नितळ पाणी झिरपायचं. आज ते गढूळ होतं. तो ओरडला,

"वर नको माती! बांध आतून वाहून चाललाय!"

"हो बाजूला, बीळमोज्या!" पाटील खेकसला.

चांगो धावत गेला. भिकीबायच्या पडवीतलं कोंड्यानं भरलेलं सूप आणून त्यानं कोंडा बांधालगत खाडीच्या पाण्यावर उधळला. कोंडा पसरला, थांबला, आणि एका जागी गरगरत खाली ओढला गेला. तिथं बिळाचं तोंड होतं. पाटलानं हातातली भरली पाटी त्याच्यापुढे ठेवली.

"माती द्या," चांगो म्हणाला. "चाळीस घरांचं खाल्लंय. चाळीस पाट्या द्या."

पाटी घेऊन तो बुडी मारायचा, रिकामी पाटी घेऊन वर यायचा. गढूळ पाणी थांबेना. एकोणचाळिसावी पाटी एकटीच वर आली. भिकीबायनं ती चाळिसावी म्हणून भरली आणि पाण्यावर धरली. असं म्हणतात, पाण्यातून दोन हात आले आणि पाटी घेऊन गेले.

पायथ्याचं पाणी नितळ झालं.

"फिटलं रे चांगो! वर ये!" भिकीबाय ओरडली.

ओहोटी लागली. बांधापाशी पाटी सापडली, चांगो नाही. असं म्हणतात, तो अजून आतून बांध धरून बसलाय.

आजही त्या अमावास्येला खारवटण्यात घरटी एक पाटी माती बांधावर पडते. पाटलाची पहिली. मग गावातली सर्वांत म्हातारी बाई पाण्यावर मूठभर कोंडा सोडते. गाव श्वास रोखून बघतो. कोंडा सरळ वाहत गेला की ती म्हणते,

"फिटलं रे, चांगो."