हौदातली पंगत

“एवढा दणकट जंतू सोडला, मग पाणी सुधारत का नाही, बुवा?”

सोपानगीर बुवा मडक्यातलं ताक ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा यशोधन. जीवाणूशास्त्रात पहिला आलेला, बुवांचा नवा शिष्य. हुशार खराच, पण ते दिवसातून दोनदा ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

मठात चक्का होतो. त्यासाठी दही फडक्यात टांगलं की निवळी गळते, ती मागच्या हौदात जाते आणि हौदातून ओढ्याला. निवळीत प्रथिनं भरपूर. उन्हाळ्यात हौद थोडा वास मारायचा. हे मी थांबवतो, म्हणून यशोधन पुढे झाला.

थांबवतोय कसला! हौदातला जुना काळा गाळ उपसून गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकला. हौद ब्लिचिंग पावडरीनं घासला. मग काचेच्या बाटलीत वाढवलेला जंतूचा एकच शुद्ध वाण आत सोडला. त्यानं प्रथिनं फस्त केली, हे मान्य. पण आता हौदाजवळ गेलं की अमोनियानं डोळे चुरचुरायचे. ओढ्यातले मासे उलटे तरंगू लागले.

खालच्या वस्तीनं निरोप धाडला. ओढा निवळेपर्यंत मठाच्या पंगतीला कुणी येणार नाही.

हे बुवांच्या जिवाला लागलं. भंडाऱ्याला वस्तीला चूलबंद आवतण असायचं. घरटी एक माणूस नव्हे. त्या दिवशी कुणी चूल पेटवायचीच नाही. म्हातारीकोतारी, तान्ही, भांडखोर, सगळी मठात. भंडारा महिन्यावर आला होता.

“माझा जंतू एकटा शंभरांना भारी आहे,” यशोधन म्हणाला. “हौदातच काहीतरी खोट असणार.”

“जेवून घे,” बुवा म्हणाले.

यशोधन जेवला आणि ताट तसंच ठेवून उठला. उष्टी काढायला मठात कुणी ना कुणी असतंच.

संध्याकाळी तो पुन्हा पाटावर बसला. समोर सकाळचंच ताट. भात वाळलेला, आमटीवर माश्या.

“बुवा, उष्टी कुणी काढली नाहीत?”

बुवांनी त्याच खरकट्यावर गरम भात वाढला.

“अहो, यात कसं जेवू?”

“का बरं? जेवणारा तर शंभरांना भारी आहे.”

यशोधन ताटाकडे बघत राहिला…

मागच्या दारातून अमोनियाचा भपकारा आला.

“हे माझ्या जंतूचं उष्टं आहे…” तो हळूच म्हणाला. “आणि उष्टी काढणारे मीच खड्ड्यात नेऊन टाकले.”

यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट उचलून त्यानं स्वतः घासलं.

सकाळी बुवा गोठ्यामागं गेले, तर हा खड्ड्याच्या काठावर सूक्ष्मदर्शक मांडून बसलेला. कोपरापर्यंत गाळ. शेजारी बादली.

“सापडले, बुवा! एक अमोनिया खातो. त्याचं उरलेलं दुसरा खातो. त्याचंही उरलेलं खाऊन तिसरा नुसती हवा सोडतो. एवढे तीन वेगळे काढतो आणि माझ्या जंतूबरोबर सोडतो.”

“आणि बाकीचे?”

“ते काय करतात, कळत नाही. बिनकामाचे दिसतात.”

बुवांनी बादली खड्ड्यात बुडवली. काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात दिली.

“त्यांनाही घरटी एकच बोलावतोस होय रे? चूलबंद आवतण दे.”