मोहपरी आणि झुमकीचं मागणं

मेळघाटात एका डोंगरावर सावरढाणा नावाची इवलीशी वस्ती होती. एसटी तिथवर पोचायची नाही, पण मोहाचा गोड गोड वास मात्र पाव कोस आधीच तुम्हाला गाठायचा. तिथे झुमकी राहायची. वय आठ, डोळे टपोरे, फ्रॉक एकच. बा वीटभट्टीवर दूर गेलेला, घरात माय आणि दीड वर्षाचा मुन्या. सावरढाण्याची माणसं आपसांत कोरकू बोलतात. मी आपली मराठीत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

चैत्र लागला की मोह फुलतो. पहाटे पिवळी, मऊ, रसाळ फुलं टपटप खाली पडतात. उन्हं चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर शेळ्या टपलेल्याच असतात. फुलं वाळवून ठेवली तर वर्षभर घराला आधार. म्हणून सगळ्या आया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन जंगलात जायच्या. मग धाकटी लेकरं कुणी सांभाळायची? मोठ्या बहिणींनी, दुसरं कोण!

झुमकीच्या कडेवर दिवसभर मुन्या असायचा, आणि मुन्याला घेऊन शाळेत बसता येत नाही. दोनदा पहिलीत बसून झालं होतं. गुरुजी म्हणाले होते, "झुमके, बहर संपला की परीक्षा आहे. या वेळीही आली नाहीस तर पुन्हा पहिलीच." गुरुजी वाईट नव्हते हं, पण तेही काय करणार? झुमकीला वाचायची इतकी हौस, की साबणाच्या कागदावरची अक्षरंसुद्धा ती तासन्‌तास लावत बसायची.

खालच्या गावातून बायालेकरांसाठी काम करणारी यशोदाताई सायकल ढकलत यायची. बायकांना गोळा करून ती म्हणायची, "बायांनो, पाळीपाळीनं एकेकीनं सगळी लेकरं सांभाळा, म्हणजे पोरी शाळेत जातील." बाया माना डोलवायच्या आणि उठून आपापल्या कामाला लागायच्या. कारणही तसंच होतं. वस्तीची रीत अशी, की प्रत्येक मोहाच्या झाडाचं घर ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही उचलायचं नाही. उचललं तर झाड रुसतं, म्हणायचे. मग जी बाई लेकरांपाशी बसेल, तिच्या झाडाची फुलं जाणार शेळ्यांच्या पोटात. सांगा बरं, कोण बसेल?

एके दिवशी मायला ताप भरला. मुन्याला पाठीशी बांधून झुमकीच झुंजुमुंजू असताना जंगलात गेली. भराभर फुलं वेचली, टोपली शिगोशीग भरली. तांबूस, सोनेरी ऊन पानांतून झिरपलं आणि बघते तर काय, झाड आपलं नव्हेच! ते होतं शेजारच्या बुधिया काकीचं.

कुणी पाहिलं नव्हतं. गपचूप घरी जाता आलं असतं. पण झुमकीनं टोपली डोक्यावर घेतली, थेट काकीच्या अंगणात नेऊन ओतली आणि काय झालं ते सांगून टाकलं. काकी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी तिनं रिकामी टोपली उचलून झुमकीच्या हातात दिली. झुमकी परत आली तोवर तिच्या स्वतःच्या झाडाखालच्या फुलांचा शेळ्यांनी फडशा पाडला होता.

ती काकीच्या झाडापाशी गेली. बुंध्याला हात लावून म्हणाली, "चुकलं माझं. तू रुसू नकोस."

शेंड्याकडे काहीतरी लुकलुकलं. एक पिवळा ठिपका भिरभिरत खाली आला आणि फांदीवर टेकला. ती परी होती! एवढीश्शी, तळहातावर मावेल अशी. अंगात मोहाच्या पाकळ्यांचा झगा, कांद्याच्या सालीसारखे पातळ पंख, पायांत चिमुकले पैंजण. मुन्यानं लगेच हात पुढे केला.

"झाड नाही गं रुसलं," परी हसून म्हणाली. "फुलं ज्याची त्याच्या दारात गेली, मग ते कशाला रुसेल? तू खरी वागलीस. एक मागणं माग. पण माझ्या अटी असतात."

"कोणत्या?"

"मागणं तुझ्या एकटीच्या घरापुरतं नको. ज्यांना गरज आहे त्या बायांनी ते स्वतःच्या तोंडानं, बैठकीत, सगळ्यांसमोर मागायचं. आणि निम्मं काम मी केलं, तर निम्मं त्यांनी करायचं."

झुमकीचा चेहरा उतरला. "बाया बैठकीत बोलत नाहीत. मागे पदर ओढून बसतात."

"मग मी तरी काय करू?" परी म्हणाली. "मला ऐकू यायला हवं ना."

त्याच दुपारी यशोदाताईनं गावाची बैठक बोलावली होती. झुमकी घरोघर गेली, परी भेटल्याचं सांगितलं, अटी सांगितल्या. बायांनी तिच्या गालावरून हात फिरवला, पण "तूच माग गं, आमची जीभ उचलत नाही," असंच सगळ्या म्हणाल्या. झुमकीला रडूच आलं. बहर सरत आला होता.

बैठकीत पुरुष पुढे, बाया मागे. वस्तीचे पाटील नेहमीप्रमाणे म्हणाले, "बायांचं काही आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या विषयाला लागले.

"आहे," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. तापानं फणफणलेली झुमकीची माय खांबाला धरून उभी होती. "माझी पोरगी पुन्हा पहिलीत बसणार. मी तर एकदाही बसले नाही. लेकरांना दिवसभर ठेवायला जागा हवी. एकेकीनं तिथं बसावं."

"आणि बसणारीची फुलं कोण वेचणार?" पाटलांनी विचारलं. "रीत मोडायची का?"

तेवढ्यात बुधिया काकी पदर खोचून उठली.

"रीत कुठे मोडते? आज या पोरीनं माझ्या झाडाची फुलं वेचली आणि माझ्याच दारात आणून ओतली. माझं झाड ठणठणीत आहे, जाऊन बघा. जी लेकरांपाशी बसेल, तिचं झाड आम्ही वेचू. टोपली तिच्या दारात."

"हो, वेचू," एक बाई म्हणाली. मग दुसरी उठली, मग तिसरी. जिनं जन्मात बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, तीही म्हणाली, "हेच आमचं मागणं."

पाटलांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथे त्यांचीच नात धाकट्या भावाला घेऊन उभी होती. मग म्हणाले, "बसा पाळीनं. माझ्या घरची बाईही बसेल."

तोच वारा सुटला. वस्तीच्या कडेला बिनछपराच्या चार भिंती कधीपासून उभ्या होत्या. जंगलातून हिरवी, तांबडी, सोनसळी सागाची पानं भरारत आली आणि चमचमत्या धाग्यानं एकात एक शिवली जाऊ लागली. बघता बघता छप्पर तयार! छपरावर परी बसली होती.

"छप्पर माझं, पाळी तुमची," ती म्हणाली. तिच्या पंखांतून पिवळाजर्द उजेड पसरला, सगळ्यांचे डोळे दिपले, आणि उघडून पाहतात तर परी नाही.

दुसऱ्या सकाळी पहिली पाळी काकीची. यशोदाताई लेकरांना गाणी शिकवायला मुद्दाम लवकर आली होती. मुन्या जरासा रडला, मग दुसऱ्या पोराचा खुळखुळा ओढण्यात गुंतला. झुमकी दारात रेंगाळली.

"जा की," काकी म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? शाळा तिकडे आहे."

झुमकी उताराच्या वाटेला लागली. थोडं चालली. मग तिच्या लक्षात आलं, की कडेवर कुणी नाही, पाठीवर कुणी नाही. आणि आठ वर्षांची झुमकी धावत सुटली. मुन्या कडेवर आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी धावत होती.