दोन तारकांभोवतीची धूळ

पृथ्वीचा पत्ताही नव्हता, तेव्हा दोन तारका एकमेकींभोवती फिरत होत्या. थोरली म्हातारी होऊन फुगली होती आणि तिच्या अंगचा वायू सुटून वाहत होता. धाकटी तो अधाशासारखी ओढून घेई. पण सगळा तिला पचत नसे. उरलेला तिच्या डोक्याकडून आणि पायांकडून फवारे होऊन दूर अंधारात उडून जाई.

वाहता वाहता थोडा वायू गार झाला आणि त्यातून धुळीचा एक कण जन्मला.

"ये इकडे," धाकटी म्हणाली. "बाकीचे सगळे आले."

"आले, आणि कुठे गेले तेही पाहिलं," कण म्हणाला. "मी तुम्हा दोघींभोवती फिरत राहीन."

"दमलास की माझ्याकडेच पडशील."

"मग दमायचं नाही."

तो फिरत राहिला. भेटेल त्या कणाला म्हणे, "मला धर आणि वेग सोडू नकोस." हळूहळू दोघींभोवती धुळीचं कडं झालं आणि कड्यात एक गोळा तयार झाला.

थोरली विझत आली तेव्हा तिला तो दिसला.

"तू कोणाचा रे?"

"तुझाच, आजी. तुझं जेवढं आम्हाला धरून ठेवता आलं, तेवढा मी."