मधली पाती

"त्यांना समजलं, हे तुला कशावरून कळलं?"

कासीमचाचांनी पुन्हा तेच विचारलं.

"मी विचारलं ना, चाचा. सगळे हो म्हणाले."

"सगळे?"

"एका सुरात."



मुकुंद टेकाळेच्या पाठीवरून घामाची धार ओघळली. ऊन होतंच, पण हा घाम उन्हाचा नव्हता.

वीज कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रामागे माळावर सरावाचं मैदान होतं. तिथले खांब खरे, तारा खऱ्या, तारांतली वीजही खरी. अकरा हजार व्होल्टची. नव्याने लागलेल्या लाईनमनना मुकुंद तिथे शिकवायचा. बोलायचा असा, की जेवणानंतरच्या तासालाही कुणी पेंगत नसे. हशा व्हायचा, टाळ्या पडायच्या. जाता-येता साहेब लोक दाराशी थांबून ऐकायचे.

आजवर तो दुसऱ्याच्या हाताखाली शिकवत आला होता. आता त्याला स्वतःचा वर्ग मिळणार होता. मध्ये फक्त चाचांची परीक्षा उभी होती.

चाचा निवृत्त झाले होते. उभा जन्म खांबावर गेला, पण अंगावर भाजल्याचा साधा डाग नाही. मुकुंदला पहिल्यांदा खांबावर चढवलं तेही त्यांनीच. शिकवायला कोण लायक, हे केंद्र अजून त्यांनाच विचारायचं. चाचा ते कशावरून ठरवतात, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नापास झालेले बोलत नसत. पास झालेलेही बोलत नसत.

आज सकाळभर ते वर्गात मागच्या बाकावर बसून होते. मुकुंदने सगळं कसब पणाला लावलं. चाचांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. ते शिकणाऱ्यांकडे बघत राहिले.

"वर्गात तू सगळ्यात कमी प्रश्न कुणाला विचारलेस?" चाचा म्हणाले.

मुकुंद विचारात पडला. मग त्याचं लक्ष लिंबाच्या सावलीत बसलेल्या घोळक्याकडे गेलं. घोळक्यापासून जरा बाजूला एक बाई बसली होती. मान खाली, हात मांडीवर.

"वाघमोडे मॅडमना. ललिता वाघमोडे."

"का?"

मुकुंदने आवाज खाली आणला. "त्यांचा नवरा आपल्यातलाच होता, चाचा. लाईनवरच गेला. त्याच्या जागेवर यांना घेतलंय. उगाच चारचौघांत काही विचारायचं आणि त्यांना लागायचं... म्हणून मीच टाळलं."

"म्हणजे दया केलीस."

मुकुंदला ते कौतुक वाटलं. तो किंचित हसला.

चाचा हसले नाहीत. त्यांनी हाक मारली, "ललिताबाई, जरा इकडे या."

ती आली. पायाखालच्या मातीकडे बघत उभी राहिली.

"त्या पलीकडच्या खांबाची लाईन बंद करायची. जमेल?"

"हो."

"सरांनी शिकवलंय?"

"हो."

"मग जा, करा. आणि मुकुंद, तू त्या खांबावर चढ. तारेखालचा चिनीमातीचा इन्सुलेटर पुसून ये. तारेला हात लावून."

मुकुंदने सवयीने लाईन तपासायची, वीज असली की टोकाचा दिवा पेटणारी लांब काठी उचलली. चाचांनी ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली.

"आज काठी नाही."

"चाचा, पण... तपासल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे तुम्हीच..."

"तू तपास की. तीच तर परीक्षा आहे."



स्विच बराच लांब, वेगळ्या खांबावर होता. त्याचा दांडा खाली, माणसाच्या कमरेच्या उंचीवर. दांडा ओढला की वर टोकाला असलेल्या तीन पात्या उघडतात आणि तिन्ही तारा मरतात. ललिताने दोन्ही हातांनी दांडा ओढला. खट्ट असा आवाज माळावर ऐकू आला. तिने कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि परत आली.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"हो."

"चढ," चाचा मुकुंदला म्हणाले.

मुकुंद चढू लागला. हजारदा केलेलं काम. पाय आपोआप पडायला हवे होते, पण आज प्रत्येक पाऊल टेकवताना तो थांबत होता.  

वर पोहोचून त्याने पट्टा अडकवला. तिन्ही तारा समोर होत्या. मेलेली तार आणि जिवंत तार दिसायला सारखीच असते. तो हे दर वर्गात सांगायचा, जरा थांबून, आवाज खोल करून. आज ते वाक्य त्याच्याच मानेवर येऊन बसलं.

त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"मॅडम," त्याने खाली ओरडून विचारलं, "लाईन बंद आहे ना?"

"हो, सर."

तोच आवाज. पहिल्या दिवशीही तोच, काल वर्ग संपतानाही तोच. समजलं का म्हटलं की हो, सर. जमेल का म्हटलं की हो, सर. इतके दिवस तो 'हो' त्याने मोजून झोळीत टाकला होता, आणि आता त्यावर जीव ठेवायची वेळ आली तेव्हा कळत नव्हतं की तो खरा की खोटा. त्या आवाजात शोधायचं काय, हेच त्याला माहीत नव्हतं.

 खाली घोळका उठून उभा राहिला होता. कुणी हसत नव्हतं. चाचा काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते, जणू त्यांना कसलीच घाई नाही.

घरी धाकट्या लेकीला सायकलवर बसायला शिकवायचं होतं, ते त्याला का कोण जाणे आठवलं.

त्याने पुन्हा हात उचलला. बोटं थरथरत होती. तार हातभर अंतरावर होती...

नाही.

तो उतरायला लागला. उतरताना दोनदा पाय निसटला.

खाली आल्यावर त्याला चाचांकडे बघवेना. तो तडक ललितापाशी गेला.

"मॅडम, तुम्ही काय केलंत, मला दाखवता?"

ती काही न बोलता चालू लागली. तो मागोमाग. स्विचच्या खांबाशी येऊन तिने दांड्याला हात लावला.

"हा ओढला. कुलूप लावलं."

"मग?"

"मग आले."

मुकुंदने वर पाहिलं. डावीकडची पाती उघडी होती. उजवीकडचीही. मधली जागच्या जागी चिकटून बसली होती. जुना स्विच, गंज धरलेला. म्हणजे एक तार जिवंत राहिली असणार.

हे त्याने शिकवलं होतं. चांगलं आठवत होतं. दांडा ओढला म्हणजे काम झालं नाही, मान वर करून तिन्ही पात्या बघायच्या. आणि मग तो म्हणाला होता, बायकोसमोर जी मान खाली घालता ना मंडळी, ती इथे तरी वर करा. अख्खा वर्ग खदखदून हसला होता.

अख्खा?

"मॅडम, तुम्ही वर बघितलं नाहीत?"





"मी वर बघत नाही, सर," ती म्हणाली. "ते गेले तेव्हा मला तिथे नेलं होतं. अजून उतरवलं नव्हतं त्यांना. मी वर बघितलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हापासून खांब आला की मान वर जातच नाही."

  

मुकुंदने आपला हात पुढे केला. तो अजून थरथरत होता.

"हे बघा," तो म्हणाला. "वर असताना थांबला नाही, अजून थांबत नाही. मला काय करायचं ते कळत नाहीये, मॅडम. तुम्हाला कसं शिकवायचं तेही कळत नाहीये."

तिने त्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिची नजर मातीवरून हलली.

"तुम्ही इथेच उभे राहाल?"

"राहतो."

ती खांबाच्या बुंध्याकडे बघू लागली. मग त्याच्या जरा वर. मग डोळे मिटले. मुकुंद हलला नाही. तिने डोळे उघडले. नजर इंच-इंच करत वर सरकत गेली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता...

"एक उघडी आहे," ती म्हणाली. "ती पलीकडची पण." नजर मध्ये आली. "मधली नाही."

"हं."

"सर... तुम्ही हात लावला असता तर..."

"हं."

ती रडली नाही. कुलूप काढलं, दांडा वर ढकलला आणि सगळा भार टाकून पुन्हा खाली ओढला. मधली पाती कुरकुरली, करकरली आणि खाडकन उघडली. तिने मान वरच ठेवली होती.

चाचा कधी येऊन मागे उभे राहिले, दोघांनाही कळलं नाही.

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि फ्यूजच्या तीन लांब नळ्या बाहेर काढल्या. लाईनला मुळापाशी वीज देणारे हे फ्यूज. ते पहाटेच चाचांनी उतरवून ठेवले होते.

मुकुंद त्या नळ्यांकडे बघत राहिला. सकाळपासून एकाही तारेत वीज नव्हती.

 तो खांबाला टेकून खाली बसला. हसावं की रडावं कळेना. छाती मात्र अजून धडधडत होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"ललिताबाई," चाचा म्हणाले, "स्विच पुन्हा चालू करून ठेवा."

तिने केला.

चाचा त्याच काठीच्या टोकाला एकेक नळी अडकवून लाईनच्या मुळाशी असलेल्या खांबावर चढवत गेले. खट्ट... खट्ट... खट्ट. तिन्ही तारा जिवंत झाल्या. दिसायला होत्या तशाच राहिल्या.

मग परत येऊन त्यांनी ती काठी ललिताच्या हातात दिली.

मुकुंद उठून उभा राहिला. सदऱ्याला लागलेली माती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"चाचा, माझा निकाल?"

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा, नीट, थेट डोळ्यांत.

"मला काय विचारतोस... वर चढ. हात कधी लावायचा, ते या सांगतील."